चौथं रजिस्टर

आमच्या चर्चच्या ऑफिसात एक लोखंडी कपाट आहे. त्यात तीन रजिस्टरं. पहिलं बाप्तिस्म्याचं, दुसरं लग्नाचं, तिसरं दफनाचं. माणूस पहिल्यात रडत येतो, दुसऱ्यात हसत सही करतो आणि तिसऱ्यात त्याच्यासाठी दुसरं कुणीतरी सही करतं. नोंदी एकदम चोख. पणजोबांचा बाप्तिस्मा कोणत्या रविवारी झाला, कोणत्या पाळकाने केला, हे कुणी विचारलं तर अर्ध्या तासात उतारा हातात. लग्नाच्या रजिस्टरची नक्कल तर १८७२ च्या कायद्याप्रमाणे सरकारदरबारीही जाते. वर्गणीची वही वेगळी. ती कपाटात नसते, खजिनदाराच्या डोक्यात असते, आणि तिथली बाकी कधी पुसली जात नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या रजिस्टरच्या मधल्या काळात एखादीच्या घरात काय चालतं, ते लिहून ठेवायची पद्धत मात्र आमच्यात नाही. कधीमधी एखादं नाव दुसऱ्यातून तिसऱ्यात फारच लवकर जातं. मग मरणाच्या कारणाच्या रकान्यात 'स्टोव्हचा भडका' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं जातं आणि शाई वाळली की रजिस्टर मिटतं.

अशा घरातली बाई पाळकसाहेबांकडे कशी येते ते बघा. पोलिसात जायच्या आधी येते, माहेरी जाऊन आल्यावर येते. आईने सांगितलेलं असतं, "साहेबांच्या कानावर घाल गं, ते समजावतील त्यांना." मे महिना असतो आणि तिने पुऱ्या बाह्यांचा ब्लाऊज घातलेला असतो.

"सलाम, साहेब."

"सलाम, सलाम. या ताई. मुलं बरी ना?"

"मुलं बरी आहेत. साहेब, परवा पुन्हा मारलं."

साहेब डोळे मिटतात. वाईट वाटतं त्यांना, अगदी मनापासून वाटतं. "ताई, आपण आधी प्रार्थना करू या."

प्रार्थना सुरेख होते. तीत घरादारावर आशीर्वाद मागितला जातो, थोरल्याच्या दहावीसाठी मागितला जातो, सैतानाला चांगला दम भरला जातो. नवऱ्याला दम भरायचं तेवढं राहून जातं. मग साहेबांच्या मिसेस चहा घेऊन येतात. त्यांची नजर त्या बाहीवर जरा थांबते आणि मग बिस्किटांच्या बशीकडे वळते. ती उठून चपला घालायला लागते तेव्हा साहेब हळूच विचारतात, "तुम्ही काही बोलला होता का त्यांना?"

या एका प्रश्नात सगळं आलं. बाकीचा हा लेख म्हणजे त्याची शेपटी.

पाळकसाहेबांना दोष देणं सोपं आहे, म्हणून मी तो देणारच आहे. पण आधी त्यांची अडचण सांगतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती साधारण दहा लाख ऐंशी हजार, म्हणजे शंभरात एकही पुरता नाही. इतक्या लहान गोतावळ्यात सगळे सगळ्यांचे कुणीतरी असतात. मारणारा नवरा हा सेक्रेटरींचा भाचा असतो, किंवा मिशनच्या शाळेत मास्तर असतो, किंवा क्वायरमध्ये त्याचा आवाज सगळ्यांत खणखणीत असतो. साहेबांचा पगार ज्या वर्गणीतून होतो तिच्यातला एक भाग त्याच्याच खिशातून येतो. त्यात हे लग्न साहेबांनीच लावलेलं. स्थळही कदाचित त्यांनीच सुचवलेलं. आणि या सगळ्यावर एक मोठं झाकण : "आपण मूठभर लोक. बाहेर गेलं तर धर्माची बदनामी होईल." धर्माची अब्रू राखायचं काम अशा वेळी नेमकं त्या बाहीकडे येतं. मारणाऱ्याच्या हाताने धर्माची बदनामी होते, असं मात्र कुणी म्हणत नाही.

शेजारच्या देवळातल्या आणि मशिदीतल्या वाचकांनी इथे हसायची घाई करू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ या काळात, देशभरातल्या लग्न झालेल्या बायकांपैकी २९ टक्क्यांनी नवऱ्याची मारहाण किंवा बळजबरी सोसल्याचं सांगितलं. हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितली ती १४ टक्क्यांनी. उरलेल्या बहुतेकींनी कुणाला सांगितलंही नाही. हा आकडा सर्वधर्मसमभावी आहे. ज्याची त्याची बाही ज्याने त्याने बघावी. मी माझ्या घरचं बोलतोय.

तर क्षमा. आमच्याकडचं रामबाण औषध. भावाला किती वेळा क्षमा करायची, सात वेळा का, असं पेत्राने विचारलं आणि प्रभूने सांगितलं की सात कसले, सत्तर वेळा सात. ही ओळ साहेबांना पाठ असते, बाईलाही पाठ असते, आणि नवऱ्याला तर सगळ्यांत जास्त पाठ असते. सत्तर साते चारशे नव्वद. मी एकदा बसून हिशेब केला. नवरा रोज मारणारा असेल तर बाई साधारण एक वर्ष चार महिन्यांत मोकळी होते. फक्त शनिवारी पिऊन येणारा असेल तर नऊ वर्षं पाच महिने. आणि महिन्यातून एकदाच, पगाराच्या दिवशी हात उचलणारा असेल तर चाळीस वर्षं दहा महिने. म्हणजे पंचविशीत लग्न झालेल्या बाईची क्षमा सहासष्टीला टेकताना संपणार. हो, प्रभूला असला हिशेब म्हणायचाच नव्हता, हे मलाही कळतं. पण चारशे एक्क्याण्णवाव्या वेळी कुणी थांबवलंय असं मला दाखवा, मी पाढे म्हणणं बंद करतो.

गंमत पुढे आहे. ती ओळ मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे, आणि तिच्या जेमतेम पाच ओळी आधी त्याच अध्यायात एक अख्खी कार्यपद्धती दिली आहे. कुणी तुझा अपराध केला तर आधी त्याला एकांतात सांग. ऐकलं नाही तर दोघातिघांना साक्षीला ने. तरी ऐकलं नाही तर मंडळीला सांग. मंडळीचंही ऐकलं नाही तर तो आपला नाही असं समज. आहे की नाही सरळ? पायऱ्या आहेत, साक्षीदार आहेत, शेवटी शिक्षासुद्धा आहे. ही पद्धत आमच्या पंचकमिटीला ठाऊक नाही असंही नाही. पोराने दुसऱ्या धर्मात लग्न केलं, चर्चच्या जागेवरून कोर्टात गेला, निवडणुकीत विरुद्ध पॅनलमधून उभा राहिला, की ही पद्धत फार लवकर आठवते. बायकोला मारलं म्हणून कुणाचं प्रभुभोजन बंद झालेलं माझ्या तरी कानावर नाही. त्याच्या हातात प्याला जातो, तिच्याही जातो, आणि दोघांनी तो एकाच बाकावर बसून घ्यायचा असतो.

आमचं दुखणं हे अर्ध्या वचनाचं आहे. ताटात अर्धी भाकरी वाढायची आणि म्हणायचं, देवाने एवढीच दिली.

मलाखी संदेष्टा घ्या. बाईने 'सोडचिठ्ठी' हा शब्द काढला की साहेब जुन्या करारातल्या या शेवटच्या पुस्तकावर बोट ठेवतात : देवाला सोडचिठ्ठीचा तिटकारा आहे. बास. बोट तिथेच थांबतं. वाक्य थांबत नाही. पुढच्या अर्ध्यात जो आपलं वस्त्र जुलमाने माखतो त्याचाही तिटकारा सांगितला आहे. मूळ हिब्रू तिथे इतकी अवघड आहे की अलीकडच्या काही इंग्रजी भाषांतरांनी अख्खं वाक्यच फिरवून घेतलं : जो पुरुष बायकोचा द्वेष करून तिला टाकतो तो जुलूम करतो. काहीही घ्या, त्या अध्यायात दटावणी चालली आहे ती पुरुषांना, तरुणपणीच्या बायकोशी दगा करणाऱ्यांना. अडीच हजार वर्षांपूर्वी नवऱ्यांच्या पाठीत घातलेला रट्टा आज आमच्याकडे बायकोच्या पाठीत बसतो. टपालखात्यातसुद्धा इतकी मोठी चूक होत नाही.

इफिसकरांस पत्राचंही तेच. पाचव्या अध्यायात बायकांना सांगणाऱ्या ओळी तीन. नवऱ्यांना सांगणाऱ्या ओळी त्याच्या जवळजवळ तिप्पट : ख्रिस्ताने मंडळीवर केली तशी प्रीती कर, तिच्यासाठी जीव दे, स्वतःच्या अंगाला जपतोस तसं तिला जप. आणि या दोन्हींच्या आधी एक ओळ, सगळ्यांनाच : एकमेकांच्या अधीन असा. लग्नातल्या प्रवचनात तीन ओळींवर पंचवीस मिनिटं जातात. बाकीच्यांवर यायच्या आत केटररचा माणूस दारात येऊन उभा राहतो.

ही विद्या आजची नाही. चौथ्या शतकात, उत्तर आफ्रिकेत, संत ऑगस्टीनची आई मोनिका. नवरा भडक डोक्याचा, पण तिच्यावर हात टाकत नसे. शेजारणी यायच्या तोंडावर वळ घेऊन. त्या विचारायच्या, तुला कसा गं मार बसत नाही? मोनिका त्यांना सांगे, जीभ आवरा. लग्नाचा करारनामा वाचला गेला त्या दिवसापासून आपण दासी झालो असं धरून चला. हे तिच्या मुलाने आत्मचरित्रात कौतुकाने लिहून ठेवलं आहे. म्हणजे 'तुम्ही काही बोलला होता का त्यांना' हा प्रश्न किमान सोळाशे वर्षांचा आहे, आणि तो पहिल्यांदा विचारणारी बाई होती, संत होती.

दुसरी संत, कास्सियाची रीटा. इटलीतली, चौदाव्या-पंधराव्या शतकातली. नवरा रागीट, मारकुटा. तिने म्हणे अठरा वर्षं सोसलं, प्रार्थना केली आणि त्याला माणसात आणलं. अशक्य गोष्टींची आश्रयदाती संत ती. मार खाणाऱ्या बायका तिचा धावा करतात. बावीस मेला तिचा सण, गुलाबाची फुलं वगैरे. मात्र तिची गोष्ट सांगणारे फादर शेवट घाईघाईत उरकतात. रीटाची त्या लग्नातून सुटका झाली कारण नवऱ्याचा वैऱ्यांनी खून केला. त्यानंतर ती मठात गेली. हा तोडगा काउन्सेलिंगमध्ये सुचवता येण्यासारखा नाही.

आता कॅथलिकांचा विषय निघालाच आहे तर एक गुपित फोडतो. गुपित म्हणजे काय, छापील पुस्तकातच आहे. चर्चच्या कायद्याच्या १९८३ च्या संहितेत ११५३ वं कलम आहे. जोडीदारापासून दुसऱ्याच्या किंवा मुलांच्या मनाला, शरीराला गंभीर धोका असेल, किंवा एकत्र राहणं फारच कठीण केलं जात असेल, तर दुसऱ्याला वेगळं व्हायला रास्त कारण आहे, असं ते कलम सांगतं. बिशपांच्या हुकमाने वेगळं व्हावं. पण थांबण्यात धोका असेल तर स्वतःच्या अधिकारात निघून जावं. स्वतःच्या अधिकारात! रात्री दोन वाजता मुलं काखेत मारून निघालेली बाई पळपुटी ठरत नाही, ती कलमानुसार निघालेली असते. याच आशयाचं कलम १९१७ च्या संहितेतही होतं, म्हणजे गोष्ट शंभर वर्षांहून जुनी. लग्नाआधी वधूवरांना जे शिबिर सक्तीचं असतं त्यात कुटुंबनियोजनाच्या नैसर्गिक पद्धती तक्ते लावून शिकवतात. तिथे ११५३ चा एक तक्ता लावायला भिंत कमी पडत नसावी. पोप फ्रान्सिस २०१६ मध्ये लिहून गेले की काही वेळा वेगळं होणं नैतिकदृष्ट्या आवश्यकच असतं, आणि २०२१ च्या डिसेंबरात इटलीच्या टीव्हीवर त्यांनी या मारहाणीला जवळजवळ सैतानी म्हटलं. रोम बोललं. आता ते पॅरिशपर्यंत कधी पोचतं बघायचं. मधे बरेच डोंगर लागतात.

पण वेगळं होणं म्हणजे मोकळं होणं नव्हे. मोकळं व्हायला चर्चच्या न्यायालयाकडून लग्न मुळातच शून्य होतं असं ठरवून घ्यावं लागतं. तिथली नजर लग्नाच्या दिवसावर : त्या दिवशी संमती खरी होती का, समज होती का, काही लपवलं होतं का. नंतरच्या बारा वर्षांतला मार हा त्या दिवसाच्या उणिवेचा पुरावा म्हणून चालला तर चालतो, नुसता मार म्हणून चालत नाही. आणि एवढं करून हाती आलेला कागद सरकारी कोर्टात घटस्फोट म्हणून चालत नाही. तो चालावा म्हणून केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली फेटाळली. ठीकच केलं. पण बाईच्या बाजूने बघा : दोन कोर्टं, दोन वकील, दोनदा तीच कहाणी, दोनदा तेच वळ.

आणि सरकारी कायदा तरी कसला होता! १८६९ चा भारतीय घटस्फोट कायदा नावाने भारतीय, लागू फक्त ख्रिस्त्यांना. गोऱ्या साहेबाने आपल्या विलायती कापडातून बेतलेला. नवऱ्याला घटस्फोट हवा तर बायकोचा व्यभिचार पुरे. बायकोला हवा तर नवऱ्याचा नुसता व्यभिचार पुरत नसे, त्याला क्रौर्याची नाहीतर दोन वर्षं टाकून दिल्याची जोड लागे. आणि नुसतं क्रौर्य? त्यावर फार तर न्यायालयीन विभक्तपण मिळे : वेगळी राहा, पण बायको त्याचीच. थोडक्यात, एकनिष्ठपणे घरी येऊन एकनिष्ठपणे मारणारा नवरा कायद्याने अभेद्य होता. वकिलावर मोडलेला हात दाखवणाऱ्या अशिलाला विचारायची पाळी येई, "ते ठीक आहे, पण त्यांचं बाहेर काही आहे का?" बाई घरी जाऊन बहुधा प्रार्थना करत असणार, की प्रभो, याला एखादी मिळू दे.

त्यातून जिल्हा कोर्टाने हुकूम दिलाच तर तो पक्का करायला हायकोर्टाचे तीन न्यायाधीश बसायचे. इतके तर फाशीलाही लागत नसत.

ज्यांनी हा अंगरखा शिवला त्या इंग्रजांनी स्वतःच्या देशात व्यभिचाराचा हा दुजाभाव १९२३ साली काढला आणि १९३७ च्या कायद्याने नुसत्या क्रौर्यावरही घटस्फोट दिला. आम्ही मात्र मेलेल्या साहेबाचा कोट जिवापाड जपला. १९९५ मध्ये केरळच्या आणि १९९७ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयाने सांगितलं की क्रौर्य एकटं पुरे, टाकून देणं एकटं पुरे. संसदेने पुस्तकातली अक्षरं बदलली २००१ मध्ये. एकशे बत्तीस वर्षं. या काळात त्या कायद्याखाली किती जणींनी दार ठोठावलं ते कोर्टाच्या दप्तरात असेल. ज्यांनी ठोठावलंच नाही त्या कुठल्याच दप्तरात नाहीत.

गोव्याची तऱ्हा आणखी निराळी. समान नागरी कायद्याचा नमुना म्हणून उठता बसता ज्याचा दाखला देतात, तिथे पोर्तुगीजांनी १९४० साली व्हॅटिकनशी करार केला आणि मागाहून १९४६ मध्ये फर्मान काढलं : चर्चमध्ये लग्न लावणाऱ्या कॅथलिकाने घटस्फोटाचा हक्क सोडलाच असं धरायचं. वेदीपुढे 'हो' म्हणताना बाई दुसऱ्या कशाला 'नाही' म्हणत होती, ते तिला कुणी सांगितलं असेल का? पोर्तुगीज गेले, कागद मागे राहिले.

परदेशातल्या भावंडांकडे बघावं तर तिथेही आपलेच चेहरे. अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्टांचे एक बडं प्रस्थ, पेज पॅटरसन. २००० सालच्या एका परिषदेत त्यांनी मोठ्या समाधानाने किस्सा सांगितला. नवरा मारतो म्हणून एक बाई आली. त्यांनी सांगितलं, रात्री पलंगाशी गुडघे टेकून त्याच्यासाठी प्रार्थना कर. आणि जरा जास्त मारेल, तयारी ठेव. पुढे ती दोन्ही डोळे काळेनिळे करून आली आणि म्हणाली, झालं तुमचं समाधान? पॅटरसन म्हणाले, झालं. कारण तिचा नवरा त्या दिवशी पहिल्यांदा चर्चमध्ये येऊन मागे उभा होता. दोन डोळ्यांत एक आत्मा, सौदा स्वस्त. ध्वनिफीत २०१८ मध्ये पुन्हा वर आली, तीन हजारांहून जास्त बॅप्टिस्ट बायकांनी सह्या करून निषेध केला, आणि आधीच्या एका बलात्काराच्या तक्रारीची हाताळणीही चव्हाट्यावर आल्यावर मे महिन्यात फोर्ट वर्थच्या पाळक-विद्यालयाचं अध्यक्षपद त्यांच्याकडून गेलं. अठरा वर्षं तो किस्सा होता. अठरा वर्षांनी तो गुन्ह्यासारखा दिसला. किस्सा तोच. ऐकणारे कान बदलले, आणि त्यातले बरेचसे बायकांचे होते.

ऑस्ट्रेलियाच्या अँग्लिकनांनी तेवढं एक बरं केलं. २०१७ मध्ये तिथल्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने पाळकांच्या घरातल्यासुद्धा मारहाणीच्या कहाण्या छापल्यावर चर्चने आधी थोडी आदळआपट केली, मग त्याच वर्षी सभेत माफी मागितली, मग स्वतःच्याच मंडळ्यांची पाहणी करवून घेतली. २०२१ मध्ये निकाल आला : आपल्याकडचं प्रमाण बाहेरच्या समाजाइतकंच, किंवा वरच. तो निकाल त्यांनी छापला. आमच्याकडे असली पाहणी झाली तर तिचा अहवाल ज्या कपाटात जाईल ते मला माहीत आहे. त्याची किल्ली सेक्रेटरींकडे असते.

आमच्याकडे मार जाहीरपणे बोलला जातो तो एकाच ठिकाणी, साक्षीत. उज्जीवन सभेत भाऊ माईकवर येतो. "मी प्यायचो. बायकोला गुरासारखा मारायचो. मग प्रभूने मला धरलं." टाळ्या, हालेलूया, कीबोर्डवाला मागे एक मऊ सूर धरतो. बायको दुसऱ्या रांगेत बसलेली असते. तिच्या समोरच्या दोन दातांचं काय झालं ते आता सगळ्या मंडपाला कळलेलं असतं आणि तिने हसायचं असतं. तिच्या हातात माईक द्यावा असं कुणाच्या मनात येत नाही. मार संपला की नाही, हे तिलाच ठाऊक. साक्षीत मात्र तो कायम भूतकाळात असतो.

आणि हे सगळं होतं कुठे, तर ज्या हॉलच्या भिंतीवर पंडिता रमाबाईंचा फोटो लावलेला असतो त्या हॉलमध्ये. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्या घेतल्या ज्या बाईने आपल्याला आणणाऱ्या सिस्टर्सशीच वाद घातला, की देवाचं ऐकणं आणि तुमचं ऐकणं या दोन गोष्टी आहेत. जिने केडगावला दुष्काळातल्या मुली आणि टाकलेल्या बायका आणून ठेवल्या आणि त्या जागेला नाव दिलं मुक्ती. पाच एप्रिलला त्यांची पुण्यतिथी. हार घातला जातो, भाषण होतं, आणि त्याच फोटोखाली एखाद्या बाईला सांगितलं जातं, "ताई, घरी जा, मी बोलतो त्यांच्याशी." रमाबाई फोटोत जराही हसत नाहीत, ते उगाच नसावं.

मुंबईच्या फ्लेविया अॅग्नेस बहुधा कुठल्याच चर्चच्या भिंतीवर नसतील. कॅथलिक घरातली बाई, वर्षानुवर्षं नवऱ्याचा मार खाल्लेली. बाहेर पडली, ती कहाणी स्वतःच्या नावाने छापली, कायदा शिकली, वकील झाली आणि 'मजलिस' काढून इतर बायकांच्या केसेस लढवत बसली. तिची साक्ष कुठल्या उज्जीवन सभेत ठेवल्याचं मी ऐकलेलं नाही. तिच्या गोष्टीत नवरा सुधारत नाही ना. मग कीबोर्डवाल्याने सूर कुठे धरायचा?

कायदा आता बाईच्या बाजूने बराच आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा धर्म विचारत नाही. घरातून हाकलता येत नाही, संरक्षणाचा आदेश मिळतो, मॅजिस्ट्रेटने पहिली तारीख शक्यतो तीन दिवसांत द्यायची असते. त्यात चौथं कलम आहे : हिंसा होते आहे असं कुणालाही वाटलं तर त्याने संरक्षण अधिकाऱ्याला कळवावं, आणि सद्हेतूने कळवणाऱ्यावर काही बालंट येणार नाही. कुणालाही, म्हणजे पाळकसाहेबांनाही. चहा आणणाऱ्या मिसेसनाही. दहावं कलम तर नोंदणीकृत संस्थांना या कामात सेवा देणारी संस्था म्हणून नाव घालायची मुभा देतं. आमचे हॉल आहेत, आवारात रिकाम्या खोल्या आहेत, मिशनचे दवाखाने आहेत, सिस्टर्स आहेत, रविवारी दोनशे माणसं जमतात. लग्नाच्या हंगामात हे हॉल भाड्याने जातात. दोन रात्रींसाठी एखादीला खोली द्यायची म्हटलं की ट्रस्टचा ठराव लागतो.

तर या वर्षीच्या वार्षिक सभेत मी एक ठराव मांडला. साधा. बायकांच्या संडासाच्या दाराला आतून एक कागद चिकटवावा, त्यावर १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर आणि तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचा पत्ता. संडास अशासाठी, की तेवढ्या एकाच ठिकाणी नवरा सोबत येत नाही.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग खजिनदार म्हणाले, पाहुणे येतात, काय म्हणतील? एकांनी विचारलं, नंबरखाली एखादं वचन घातलं तर चालेल का? मी म्हटलं, चालेल, पूर्ण असेल तर. दुसऱ्या एकांचं म्हणणं, असले प्रकार आपल्या मंडळीत होतच नाहीत, मग कागद कशाला? त्यांच्या मिसेस शेवटच्या बाकावर होत्या. त्यांनी पदर खांद्यावरून पुढे ओढून घेतला आणि खाली बघत राहिल्या. पाळकसाहेब म्हणाले, विषय नाजूक आहे, आपण प्रार्थनापूर्वक विचार करू. मग रंगकामाचं कोटेशन निघालं. ते तासभर चाललं.

ठराव सब-कमिटीकडे गेला आहे. कमिटीत पाच जण. पाचही पुरुष. जागेची पाहणी करून अहवाल द्यायचा आहे, आणि बायकांच्या संडासात शिरायचं कसं यावर त्यांची पहिली बैठक अडली आहे.